जाहीर नोटीस : छापलें म्हणजे कळविलें काय ?

सकाळीं वर्तमानपत्र घरांत आलें कीं त्याचीं पानें आपोआप वांटलीं जातात. कोणी पहिल्या पानावरच्या राजकारणांत रमतो, कोणी बाजारभाव पाहतो, कोणी खेळाचें पान शोधतो, आणि मुलें शब्दकोडें सोडवावयास बसतात. एक पान मात्र सहसा कोणाच्याच वांट्याला येत नाहीं. तें बारीक टाइपाच्या चौकटींनीं भरलेलें असतें, आणि त्यांतल्या पुष्कळ चौकटींचा आरंभ एका ठराविक वाक्यानें होतो : 'तमाम लोकांस कळविण्यांत येतें कीं...' हे तमाम लोक कोण, असा प्रश्न आपल्याला पडत नाहीं. कारण ते आपण नव्हे, अशी आपली खात्री असते. कायद्याची समजूत नेमकी उलट आहे. त्या दोन शब्दांत आपण सर्वजण आलों. आणि ती चौकट आपण वाचली नाहीं, तरी पुष्कळ प्रसंगीं ती वाचली असेंच कायदा धरून चालतो.

छापलें म्हणजे कळविलें, हें जें कायद्याचें गृहीत आहे, तें कोठवर चालतें, कोठें थांबतें, आणि तें अन्यायाचें होऊं नये म्हणून कोणत्या अटी घातलेल्या आहेत, याचा थोडा विचार आज करावयाचा आहे. विषय वकिलांचा वाटेल. पण त्यांत पणाला लागतें तें सामान्य गृहस्थाचें घर, जमीन आणि पत.

छापखाने येण्यापूर्वीं हें काम दवंडी करीत असे. दवंडीचे गुण दोन. ज्या गांवची गोष्ट त्याच गांवांत ती पिटली जाई, आणि गांवाला समजेल त्याच भाषेंत. १८३२ च्या ६ जानेवारीस बाळशास्त्री जांभेकरांनीं मुंबईंत 'दर्पण' सुरू केलें, तेव्हां त्यांत मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारीं शेजारीं छापला जात असे. मराठी वर्तमानपत्र अशा रीतीनें जन्माला आलें. परंतु दवंडी कायद्यांतून निघून गेली नाहीं. १९०८ ची दिवाणी प्रक्रिया संहिता आजहि अंमलांत आहे. तिच्या एकविसाव्या आदेशाच्या चौपन्नाव्या नियमांत स्थावर मिळकतीच्या जप्तीचा हुकूम त्या मिळकतीवर किंवा तिच्या लगत ढोल वाजवून, अथवा तेथील दुसऱ्या रूढ रीतीनें, पुकारावा आणि त्याची प्रत मिळकतीवर व न्यायालयाच्या इमारतींत दिसेल अशी लावावी, असें सांगितलें आहे. लिलावाचा जाहीरनामाहि होतां होईल तों याच रीतीनें करावयाचा. आणि न्यायालयानें फर्माविल्यास तो शिवाय राजपत्रांत किंवा स्थानिक वर्तमानपत्रांत छापावयाचा. हा 'शिवाय' ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. वर्तमानपत्र येथें दवंडीच्या जागीं आलेलें नाहीं, तिच्या जोडीला आलेलें आहे. वर्तमानपत्रांतल्या नोटिशीला आज ज्या अटी आहेत, त्यांतहि दवंडीचेच ते दोन गुण, स्थळ आणि भाषा, टिकवून धरण्याचा प्रयत्न दिसतो.

पण मुळांत प्रसिद्धी हवीच कशाला ? याचें उत्तर सर्वोच्च न्यायालयानें १९५१ मध्यें एका लहानशा खटल्यांत दिलें. पूर्वींच्या जयपूर संस्थानांत अफूसंबंधीं एक कायदा १९२३ मध्यें मंत्रिमंडळाच्या ठरावानें झाला. पण तो कोठेंच प्रसिद्ध झाला नाहीं. त्या कायद्याखालीं हरला नांवाच्या माणसास पन्नास रुपये दंड झाला. नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहून सर्वोच्च न्यायालयांत गेलेले न्यायमूर्ती विवियन बोस यांनीं निकाल दिला कीं, जो कायदा लोकांना कोणत्याहि वाजवी मार्गानें कळविला गेला नाहीं, तो लोकांवर बंधनकारक होत नाहीं. शिक्षा रद्द झाली. रक्कम पन्नास रुपयांची, पण तत्त्व पन्नास कोटींच्या लोकसंख्येलाहि पुरेल असें.

या तत्त्वाला दुसरीहि बाजू आहे. १९६२ च्या नोव्हेंबरांत भारतांतून सोनें नेण्यासंबंधींची एक कडक अधिसूचना राजपत्रांत २४ तारखेस प्रसिद्ध झाली. चारच दिवसांनीं झुरिकहून मनिलास जाणारा एक परदेशी प्रवासी मुंबईच्या विमानतळावर अंगावरच्या जाकिटांत चौतीस किलो सोनें घेऊन सांपडला. त्याला अधिसूचना ठाऊक असणें जवळ जवळ अशक्य होतें. तरीहि १९६४ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें बहुमतानें ठरविलें कीं, भारतांत रीतसर प्रसिद्धी झाली एवढें पुरें; प्रत्येकाच्या कानापर्यंत ती पोंचली कीं नाहीं, हें पाहण्याचें कारण नाहीं. म्हणजे प्रसिद्धी झाली नसेल तर कायदा दुबळा. आणि झाली असेल तर माणसाचें अज्ञान दुबळें. प्रसिद्धीच्या एका कृत्यावर सारा भार येऊन पडतो. ते दोन्ही खटले राजपत्राच्या प्रसिद्धीचे आणि कायद्याच्या ज्ञानाचे होते. वर्तमानपत्रांतली नोटीस एखाद्या विशिष्ट मिळकतीबद्दल किंवा व्यवहाराबद्दल असते, म्हणून तेथें कायदा अधिक बारकाईनें अटी घालतो. त्यांतल्या कांहीं पाहूं.

पहिलें उदाहरण व्यापाराचें. समजा, सोलापुरांत दोघे मित्र कापडाचें दुकान भागींत चालवीत आहेत. त्यांपैकीं एकजण वयोमानानें निवृत्त होतो. आपसांत हिशेब होतो, कागद होतो, हस्तांदोलन होतें. दोन वर्षांनीं दुकान कर्जांत बुडतें, आणि जुना घाऊक व्यापारी निवृत्त गृहस्थाच्या दारांत उभा राहतो. 'मी केव्हांच बाहेर पडलों,' हें उत्तर त्याच्यापुढें चालत नाहीं. १९३२ च्या भागीदारी कायद्याचें बत्तिसावें कलम सांगतें कीं, निवृत्तीची जाहीर नोटीस निघेपर्यंत, ज्यांना तो भागीदार म्हणून ठाऊक होता अशा तिऱ्हाइतांपुरती त्याची जबाबदारी चालूच राहते. जाहीर नोटीस म्हणजे काय, हें बहात्तराव्या कलमांत आहे. पेढी नोंदलेली असेल तर निबंधकाला कळवावयाचें, राजपत्रांत छापावयाचें, आणि ज्या जिल्ह्यांत पेढीचें मुख्य ठिकाण आहे त्या जिल्ह्यांत खपणाऱ्या निदान एका देशी भाषेच्या वर्तमानपत्रांत छापावयाचें. श्रोतेहो, हा कायदा इंग्रजी अमदानींतला आहे. कायदे इंग्रजींत होत आणि मोठीं न्यायालयेंहि इंग्रजींत चालत. तरी पेढीचा देणेकरी कोण आणि कोण नाहीं हें बाजाराला कळवावयाचें असेल, तर तें बाजाराच्या भाषेंतच कळविलें पाहिजे, हें त्या वेळच्या कायदेकारांनींहि ओळखलें होतें. त्या लहानशा चौकटीची किंमत निवृत्त गृहस्थाला वाटते त्याहून फार मोठी असते.

दुसरें उदाहरण न्यायालयाच्या समन्साचें. दाव्याचें समन्स प्रतिवादीच्या हातीं पडावें, हा मूळ नियम. परंतु प्रतिवादी मुद्दाम चुकवितो आहे, किंवा दुसऱ्या कारणानें नेहमींच्या रीतीनें बजावणी होऊं शकत नाहीं, अशी न्यायालयाची खात्री पटली, तर पर्यायी बजावणीचा हुकूम निघतो. वर्तमानपत्रांतून ती करावयाची झाल्यास काय करावें, हें संहितेंत १९७६ च्या दुरुस्तीनें स्पष्ट झालें : तें पत्र दैनिक असलें पाहिजे, आणि प्रतिवादी शेवटीं जेथें खरोखर राहत होता, धंदा करीत होता किंवा पोटासाठीं काम करीत होता असें माहीत आहे, त्या भागांत तें खपणारें असलें पाहिजे. ही अट पाळली गेली, तर 'मी तें पत्र घेत नाहीं' ही सबब ऐकली जात नाहीं. २००८ मध्यें एका बँकेच्या वसुलीच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें हेंच सांगितलें. पर्यायी बजावणी ही कायद्यानें खऱ्या बजावणीइतकीच परिणामकारक मानली आहे. नंतरचा हुकूमनामा एकतर्फी झाला, तरी पत्राचे वर्गणीदार नसणें हा बचाव ठरत नाहीं.

येथें मनांत एक शंका उभी राहते. ज्याचा पत्ता ठाऊक आहे, त्याला पत्र न पाठवितां केवळ वर्तमानपत्रांत छापून मोकळें व्हावें, हें न्यायाचें कसें ? हाच प्रश्न अमेरिकेंत १९५० मध्यें तेथील सर्वोच्च न्यायालयापुढें आला होता. न्यूयॉर्कच्या एका बँकेनें पुष्कळशा विश्वस्त निधींचे पैसे एकत्र गुंतविले होते, आणि त्यांच्या हिशेबाची मंजुरी घेतांना लाभधारकांना फक्त वर्तमानपत्रांतून कळविलें होतें. न्यायमूर्ती जॅक्सन यांनीं निकाल दिला कीं, ज्यांचा ठावठिकाणा माहीत नाहीं त्यांच्यापुरती अशी नोटीस चालेल, कारण दुसरा उपाय नाहीं. पण ज्यांचे पत्ते बँकेच्या दप्तरांत आहेत, त्यांना टपालानें कळविलेंच पाहिजे. कळविण्याची खरी इच्छा असलेला माणूस जो मार्ग धरील, तोच मार्ग धरला पाहिजे, असा त्या निकालाचा आशय आहे. आपल्याकडील समन्साच्या नियमांतहि हीच दृष्टि आहे. प्रत्यक्ष बजावणी आधीं, वर्तमानपत्र नंतर. आणि तेंहि न्यायालयाची खात्री पटल्यावर. ही पायरी ओलांडून थेट छापखाना गांठणें हा कायद्याचा उपयोग नव्हे, तर त्याच्याआड लपणें होय.

तिसरें उदाहरण जमिनीचें. १८९४ च्या भूमिसंपादन कायद्यानें सरकारी अधिसूचना राजपत्रांत आणि त्या भागांतल्या सोयीच्या जागीं लावावयाची होती. गांवचा शेतकरी राजपत्र वाचीत नाहीं, हें उघड सत्य कायद्याच्या पोथींत उतरावयास १९८४ साल उजाडावें लागलें. त्या वर्षींच्या दुरुस्तीनें त्या भागांत खपणाऱ्या दोन दैनिकांत, आणि त्यांपैकीं निदान एक प्रादेशिक भाषेचें, अशी प्रसिद्धी आवश्यक झाली. १ जानेवारी २०१४ पासून अंमलांत आलेल्या २०१३ च्या नव्या कायद्यानें ती अट कायम ठेवली, आणि तिच्या जोडीला ग्रामपंचायत किंवा नगरपालिका, जिल्हाधिकारी व तहसीलदार यांचीं कार्यालयें, आणि सरकारचें संकेतस्थळ यांची भर घातली. प्राथमिक अधिसूचनेच्या प्रसिद्धीपासून साठ दिवसांत हरकत घेण्याचा हक्क जमिनीशीं संबंध असलेल्या माणसाला आहे. या अटी केवळ शोभेच्या नाहींत. जम्मू-काश्मीरमधील एका संपादनाच्या प्रकरणांत २०११ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, प्रादेशिक भाषेच्या पत्रांतली प्रसिद्धी ही मर्जीची गोष्ट नसून सक्तीची आहे.

कोंकणांतून मुंबईस येऊन स्थायिक झालेल्या घरांनीं या ठिकाणीं विशेष सावध असावें. कायदा म्हणतो, 'त्या भागांत खपणारें' दैनिक. जमीन रत्नागिरी जिल्ह्यांत असेल, तर नोटीस रत्नागिरीच्या आवृत्तींत येईल. त्याच पत्राच्या मुंबईच्या आवृत्तींत ती कदाचित् मुळींच नसेल. कायद्याची अट पुरी झाली, आणि दादरच्या खोलींत बसलेल्या मालकाला कांहींच कळलें नाहीं, असें सहज होऊं शकतें. यावर उपाय वर्तमानपत्रांत नाहीं, सरकारी दप्तरांत आहे. पुढच्या टप्प्यांत हितसंबंध असलेल्या व्यक्तींना स्वतंत्र नोटीसहि द्यावयाची असते. पण ती दप्तरांत ज्यांची नांवें आहेत त्यांनाच पोंचण्याचा संभव अधिक. वडील वारल्यावर सात-बाऱ्यावर वारसांची नोंद करून घेणें आणि तलाठ्याकडे चालू पत्ता देणें, हें काम पुढच्या सुट्टीवर ढकलण्यासारखें नाहीं.

चौथें उदाहरण शहरी घराचें. कर्ज थकलें म्हणजे २००२ च्या सरफेसी कायद्याखालीं बँक प्रथम साठ दिवसांची मागणी-नोटीस देते. त्या मुदतींत फेड न झाल्यास तारण मिळकतीचा ताबा घेतां येतो. आणि ताबा घेतल्यावर सात दिवसांच्या आंत दोन प्रमुख वर्तमानपत्रांत, त्यांपैकीं एक स्थानिक भाषेचें, ताबा-नोटीस छापावी लागते. ही नोटीस कर्जदाराची बदनामी करण्यासाठीं आहे, असा समज आहे. तो चुकीचा आहे. ती मुख्यतः तुमच्या आमच्यासारख्या गिऱ्हाइकासाठीं असते : या घराचा व्यवहार करूं नका, त्यावर बँकेचा बोजा आहे. कर्जदारालाहि बँकेच्या या कारवाईविरुद्ध कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जाण्यास पंचेचाळीस दिवस मिळतात. जुनी सदनिका विकत घेणाऱ्यानें भिंतींचा रंग पाहण्याआधीं या चौकटी पाहाव्या.

सहकारी गृहरचना संस्थांतहि हीच रीत आहे. नामनिर्देशन न करतां सभासद वारला, तर संस्थेनें हक्कदारांकडून मागण्या व हरकती मागविणारी नोटीस आपल्या फलकावर लावावी आणि निदान दोन स्थानिक वर्तमानपत्रांत छापावी, असें आदर्श उपविधींत आहे. भावाबहिणींपैकीं जो परगांवीं किंवा परदेशीं असतो, त्याच्या दृष्टीनें ही चौकट फार महत्त्वाची ठरते.

आतां, नोटीस काय करूं शकत नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे. कारण तिच्या सामर्थ्याविषयीं भलत्या कल्पना प्रचलित आहेत. 'माझा मुलगा माझ्या कह्यांत नाहीं, त्याच्याशीं माझा संबंध राहिला नाहीं,' अशा नोटिशी आपण वाचतों. अशा चौकटीनें नातें तुटत नाहीं आणि वारसाहि जात नाहीं. स्वकष्टार्जित मिळकत मुलाला द्यावयाची नसेल, तर मृत्युपत्र करावें लागतें. आणि वडिलोपार्जित मिळकतींत त्याचा जन्मसिद्ध हिस्सा असेल, तर तो वर्तमानपत्रांत छापल्यानें नाहींसा होत नाहीं.

तसेंच, मिळकत घेणाऱ्याच्या वतीनें वकील नोटीस देतात कीं, 'चौदा दिवसांच्या आंत हरकत न आल्यास कोणाचा हक्क नाहीं, किंवा असल्यास तो सोडून दिला, असें समजण्यांत येईल.' मुंबई-पुण्याकडे ही पद्धत रूढ आहे आणि ती शहाणपणाचीहि आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या एकेचाळिसाव्या कलमाप्रमाणें, दिसणाऱ्या मालकाकडून खरेदी करणाऱ्यानें वाजवी काळजी घेतली पाहिजे. त्या काळजीचा हा एक पुरावा होतो. पण या चौदा दिवसांना कायद्याचा आधार नाहीं. ती वकिलानें स्वतः घातलेली मुदत आहे. ती टळली म्हणून खरा मालक मालकी गमावीत नाहीं. उलट, त्याच कायद्याच्या तिसऱ्या कलमाप्रमाणें नोंदणी झालेला दस्तऐवज आणि जागेवरचा प्रत्यक्ष ताबा यांचें ज्ञान खरेदीदाराला आहे असें धरलें जातें. मग त्यानें शंभर नोटिशी छापल्या तरी चौकशी न करण्याचा दोष धुऊन निघत नाहीं. तथापि हक्कदारानें यावरून निश्चिंत होऊं नये. हक्क जात नसला तरी झगडा वाढतो. वेळींच लिहिलेलें एक पत्र पुढचीं दहा वर्षें वांचवूं शकतें.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होईल. नोटीस खरी कीं नांवाची, हें तिच्या छापील शिक्क्यावर अवलंबून नाहीं. ती कोणत्या भाषेंत आहे, कोणत्या भागांत पोंचते, किती मुदत देते, आणि ज्याचा पत्ता ठाऊक आहे त्याला आधीं सरळ कळविलें होतें कीं नाहीं, या चार प्रश्नांचीं उत्तरें तिची योग्यता ठरवितात. ज्या पत्राचें नांव गांवांत कोणी ऐकलें नाहीं त्यांत छापणें, कायद्याच्या मराठीचा असा गुंता करणें कीं मराठी माणसालाच ती उमजूं नये, किंवा मिळकतीचें वर्णन इतकें मोघम देणें कीं मालकालाहि आपलें घर ओळखूं येऊं नये, हे प्रकार अक्षराला धरून असतील. पण कायद्याचा हेतु मारणारे आहेत. जो पक्ष नोटीस देतो, त्यालाहि यांत लाभ नाहीं. कारण सदोष प्रसिद्धीवर उभारलेला व्यवहार पुढें न्यायालयांत ढांसळूं शकतो.

वाचणाऱ्यानें काय करावें ? आठवड्यांतून एकदां तरी हें पान डोळ्यांखालून घालावें, आणि नांवें शोधण्याऐवजीं मिळकतीचें वर्णन शोधावें : गांव, तालुका, गट क्रमांक, शहरांत असेल तर सिटी सर्व्हे क्रमांक आणि इमारतीचें नांव. नोटीस आपल्या संबंधाची वाटल्यास ती कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखालीं आहे तें पाहावें. कलम दिलेलें असेल तर मुदत कायद्याची आहे. तिच्याशीं खेळूं नये. केवळ वकिलाची नोटीस असेल तरीहि लेखी उत्तर द्यावें आणि त्याची पोंच घ्यावी. नुसतें कात्रण न कापतां पत्राचें नांव, तारीख आणि आवृत्ति दिसेल असें सबंध पान जपून ठेवावें. मुदत केव्हां सुरू झाली, हा वाद पुष्कळदां त्या तारखेवरच मिटतो.

कायद्यापुढें गप्प बसणें हेंहि पुष्कळदां एक उत्तरच असतें. आणि तें बहुधा आपल्या विरुद्ध धरलें जातें. 'तमाम लोक' या शब्दांत आपलें नांव कोणी वेगळें छापीत नाहीं. तें तेथें आहे असें समजून वाचणें, एवढेंच आपल्या हातीं आहे. आणि तेवढें पुष्कळ आहे.